पन्नास गुंठ्यांचा खेळ आणि घरचा मेळ

मावळ म्हटले की कुस्तीचा आखाडा, कबड्डीचे मैदान आणि बैलगाड्याचा घाट हे ओघाने आलेच. हॉकीचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. तो लष्करातल्या लोकांचा, मोठ्या शाळांचा, नाहीतर पंजाब-ओडिशाकडचा खेळ, अशी आपली समजूत. पीक पाहणीला किंवा शेतीशाळेला गावात गेलो, की भाताची, खताची बोलणी संपल्यावर कोणीतरी हमखास विचारतो, "साहेब, तुमची पोरगी म्हणं हॉकी खेळती. त्यात पुढं काय असतं?"

प्रश्न रास्त आहे. लेकराचे बालपण, घरचा पैसा आणि आईबापाचा वेळ या तिन्ही गोष्टी आपल्याला एकदाच मिळतात. त्या कशात घालायच्या याचा विचार शेतकऱ्याने करायलाच हवा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तीन वर्षांपासून हॉकी खेळते. या तीन वर्षांत घरात जे पाहिले आणि खेळाविषयी जी माहिती गोळा केली, ती इथे मांडतो.

लोकलच्या वाटेवरचा खेळ

पहिली गोष्ट ही, की हॉकी आपल्याला परकी नाही. लोणावळ्याहून सुटलेली लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत पुण्याला जाते. याच वाटेवर पिंपरी लागते आणि पुढे खडकी लागते. पिंपरीजवळ नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे कृत्रिम गवताचे हॉकी मैदान आहे. बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले, तेही आपल्या महामार्गालाच लागून आहे. आणि खडकी हे तर धनराज पिल्ले यांचे गाव.

धनराज यांचा जन्म १९६८ चा. वडील नागलिंगम हे दारूगोळा कारखान्याच्या क्लबच्या मैदानाची देखभाल करायचे. घरची परिस्थिती बेताची. नवी स्टिक घेऊन देण्याची ऐपत नव्हती, तेव्हा ही भावंडे मोडक्या स्टिका बांधून घेऊन, मोठ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूवर खेळली. थोरले भाऊ रमेश पुढे मुंबईला खेळायला गेले, त्यांच्या मागोमाग धनराजही गेले. १९८९ साली ते भारताकडून खेळले. पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळणारा हा गडी. १९९८ मध्ये बँकॉकला भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले ते त्यांच्याच कर्णधारपदाखाली, आणि तेही बत्तीस वर्षांच्या खंडानंतर. त्यांच्या जीवनावरचे इंग्रजी पुस्तक २००७ साली निघाले, त्याचे नाव 'फरगिव्ह मी अम्मा'. म्हणजे 'आई, मला माफ कर'. इतका मोठा खेळाडू, पण पुस्तकाच्या नावात पदक नाही, आई आहे. खेळाडूच्या मागे घर किती उभे असते हे यावरून ध्यानात यावे.

फलटणच्या शेतकऱ्यांच्या लेकी

कोणी म्हणेल, खडकी म्हणजे छावणीचे गाव, तिथे हॉकी असणारच. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरीचे काय? त्याचे उत्तर सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात आहे. आसू गावची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे, दोघी शेतकरी कुटुंबातल्या. दोघी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आल्या. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुलींचा ज्युनियर विश्वचषक झाला, त्यात भारताचा चौथा क्रमांक आला. त्या संघात या दोघी होत्या. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी जपानला हरवून कांस्यपदक मिळवले, त्या संघात वैष्णवी होती. २०२४ च्या जानेवारीत ओमानला पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय मुली अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून हरल्या, पण उपविजेत्या ठरल्या. त्या संघात अक्षता होती आणि महाराष्ट्राचीच ऋतुजा पिसाळही होती.

आसू-वाखरी ही गावे काही आपल्यापेक्षा शहराजवळ नाहीत. उलट आपल्या दारात लोकल आहे. तेव्हा "आपल्या पोरांना कुठून जमणार" हे म्हणणे सोडून द्यावे.

खेळ आहे तरी कसा

हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. आपल्या हिशेबाने साधारण पन्नास गुंठे, म्हणजे सव्वा एकर. एका बाजूला अकरा खेळाडू. मोठ्यांचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतो. स्टिकची एकच बाजू सपाट असते, आणि चेंडू त्याच बाजूने मारायचा. उलट बाजूने लागला की चूक, पायाला लागला तरी चूक. डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नसते, सगळ्यांना एकाच पद्धतीने धरावी लागते. गोल करायचा तर चेंडू गोलपुढच्या अर्धवर्तुळात मारलेला हवा, लांबून कितीही जोरात हाणला तरी गोल धरत नाहीत. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. म्हणून नडगीचे संरक्षक आणि दातांचे कवच याशिवाय पोराला मैदानात उतरू देऊ नये. यात काटकसर करायची नाही.

पूर्वी हा खेळ गवतावर, मातीवर चालायचा. १९२८ पासून १९५६ पर्यंत ओळीने सहा ऑलिंपिक सुवर्णपदके भारताने गवतावर मिळवली. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदान आले आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. पैसेवाल्या देशांनी अशी मैदाने गावोगाव केली, आपली पोरे मातीवरच राहिली. सावरायला फार वर्षे लागली. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तिथे पुरुषांनी कांस्यपदक जिंकले आणि मुली चौथ्या आल्या. २०२४ मध्ये पॅरिसला पुरुषांनी पुन्हा कांस्य आणले.

यातून आपण घ्यायचे ते असे. मोठा खेळाडू व्हायचे तर शेवटी कृत्रिम मैदानावर जावेच लागते. पण हात, नजर आणि पाय तयार होतात ते गावातल्या सपाट मातीवर. माझ्या मुलीच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी कुठून तरी सहा जुन्या स्टिका आणल्या, तेव्हा हा खेळ आमच्या गावात आला. भात निघाला की नोव्हेंबरात खाचर वाळते. पोरांनी धसकटे उपटली, ढेकळे फोडली, दोन बाजूंना दगड ठेवले आणि खेळ सुरू झाला. आता आठवडाभर गावात आणि शनिवार-रविवारी लोकलने पिंपरीला, असा क्रम आहे. कामशेतहून पाऊण तास लागतो.

हळवे, निमगरवे आणि गरवे

भात पिकवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. हळवा भात लवकर निसवतो, निमगरवा मधे येतो आणि गरव्याला वेळ लागतो. तिन्ही एकाच दिवशी पेरले म्हणून एकाच दिवशी कापणीला येत नाहीत. गरव्या वाणाच्या खाचरात उभे राहून "शेजाऱ्याचे निसवले, तुझे का नाही" म्हणून कोणी भाताला बोल लावत नाही.

पोरांचेही तसेच आहे. बाराव्या वर्षी एखादी मुलगी एकदम उंच होते, धावण्यात सगळ्यांना मागे टाकते, चौदा वर्षांखालच्या संघात लगेच निवडली जाते. दुसरी त्याच वयाची, पण अंगाने बारीक. तिला भरायला अजून दोन वर्षे लागायची असतात. निवडीच्या वेळी पहिलीच डोळ्यात भरते. म्हणून दुसरीत खेळ नाही असे होत नाही. ज्या पालकांना हे कळत नाही, ते तेराव्या वर्षीच पोराला घरी बसवतात.

चारसूत्री भात पद्धतीत आपण रोपे मोजून लावतो. एका चुडात दोन-तीन रोपे आणि चुडांत १५ आणि २५ सेंटिमीटरचे आलटून-पालटून अंतर. दाट लावले की पीक भरगच्च दिसते, पण फुटवा येत नाही. लेकरालाही अंतर लागते. शाळा, शिकवणी, सराव, स्पर्धा, घरचे काम असे सगळे दाटीने लावले की पोर नुसते उभे राहते, फुटत नाही. आमच्या घरी सोमवार मोकळा असतो. त्या दिवशी स्टिकला हात लावायचा नाही, असा नियम तिच्या आईने घातला आहे. मुलगी त्या दिवशी ओढ्यावर खेकडे धरते.

घरातला हिशेब

आता पैशाचे बघू. गेल्या वर्षी आमचा झालेला खर्च असा. स्टिक १,८०० रुपये. बुटांचे दोन जोड २,६००. नडगीचे संरक्षक, हातमोजा आणि दातांचे कवच ९००. लोकलचा पास आणि स्टेशनपासून मैदानापर्यंतची रिक्षा ४,५००. स्पर्धांचा प्रवास आणि जेवण ६,०००. एकूण १५,८०० रुपये, म्हणजे दोन बऱ्या शेळ्यांची किंमत. नोकरदाराला झेपतो. दोन एकर भातावर घर चालवणाऱ्याला जड जातो, हे मी नाकारत नाही. अशा वेळी चार पालकांनी मिळून एक मोठा माणूस पोरांबरोबर पाठवावा, लहान झालेले बूट एकमेकांत वापरावेत. आमच्याकडे हेच चालते. दहा हजारांच्या स्टिकचा हट्ट चौदा-पंधरा वर्षांच्या आधी पुरवायची काहीच गरज नाही.

खुराकासाठी डब्यातल्या महागड्या पावडरी आणणारे पालक मी पाहतो. अहो, आपल्या डोंगरपट्ट्यात नाचणी पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या पासंगालाही नसते. नाचणीची भाकरी किंवा आंबील, भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू, अंडे आणि घरचे दूध एवढ्यात पोर उभे राहते. नाचणी आपण विकतो आणि पावडर विकत आणतो, हा उलटा व्यवहार झाला.

पैशापेक्षा मोठा खर्च वेळेचा, आणि तो मुख्यतः आईचा होतो. शनिवारी-रविवारी आमच्या घरी चूल साडेचारला पेटते. डबा, पाणी, चिखलाचे कपडे, दोन गायींचे शेण आणि धार हे सगळे उरकून माझी पत्नी मुलीला स्टेशनवर आणते. पेपरात फोटो खेळाडूचा येतो, सत्कारात नारळ बापाच्या हातात देतात. साडेचारला उठलेली बाई फोटोत नसते. ज्या घरात पोर खेळतंय, तिथल्या पुरुषांनी निदान रविवारची धार तरी आपल्याकडे घ्यावी. मी घेतली आहे. गायीला सवय व्हायला आठवडा लागला.

धाकट्याचे म्हणणे

एका पोराच्या खेळाने दुसऱ्याचे बालपण कोरडे पडू नये, हेही बघावे लागते. धाकटा आठ वर्षांचा आहे. तो एकदा जेवताना म्हणाला, "पप्पा, आपल्या घरी रविवार फक्त ताईचाच असतो का?" त्याला हॉकीत रस नाही. त्याला शेरडांचा आणि गोष्टींचा नाद. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार त्याचा. त्या दिवशी बहिणीचा सामना असला तरी तिच्याबरोबर आई किंवा दुसरे पालक जातात आणि मी त्याच्याबरोबर असतो. मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघे कार्ल्याच्या डोंगरावर जाऊन आलो. बहीण जिंकून आली का हरून, हे त्याने घरी आल्यावर स्वतःहून विचारले. आधी तो विचारत नसे.

बांधावरचे पालक

मैदानाच्या कडेला पालक उभे असतात. त्यांचे दोन-तीन प्रकार बघायला मिळतात. एक शांत बसून भेळ खाणारा. दुसरा मोबाईलमध्ये पंचाची चूक पकडणारा. आणि तिसरा, जो पोराच्या प्रत्येक हालचालीवर ओरडतो. "पास दे! मार! झोपला का?" पोर बिचारे खेळताना चेंडूकडे बघते, शिक्षकाकडे बघते आणि तिसरे बापाकडे बघते. तीन मालकांचा बैल धड कोणाचेच औत ओढत नाही.

आपल्याकडे बैलगाड्याच्या घाटात एक रीत आहे. बारी पळाली की माईकवरून मालकाचे नाव पुकारतात. पळतो बैल, नाव होते मालकाचे. पोरांच्या खेळात काही पालकांना तसेच हवे असते. आपले नाव पुकारले जावे म्हणून पोर पळवायचे. पण बैलाला घाटातून आणल्यावर मालक त्याला आधी पाणी दाखवतो, अंगावरून हात फिरवतो. हरलेल्या बैलालासुद्धा. हरून आलेल्या लेकराला मात्र लोकलमध्ये तळेगावपर्यंत बोलणी खावी लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सामना हरला तर त्या दिवशी खेळाचे बोलूच नये. भूक लागली का, एवढेच विचारावे. चूक काय झाली हे पोराला आपल्याआधी कळलेले असते.

मुलींच्या पालकांसाठी दोन शब्द. "पोरीची जात, चड्डीवर पळती" असे बोलणारे गावात अजून आहेत. त्यांना उत्तर देत बसू नये. सरावाच्या ठिकाणी मुलींना कपडे बदलायला जागा आणि स्वच्छतागृह आहे का, बरोबर बाई शिक्षिका किंवा कोणाची आई आहे का, परतायला कोणती गाडी आहे, हे मात्र स्वतः जाऊन बघावे. पाळीच्या दिवसांत काय करायचे हे आईने मुलीशी मोकळेपणी आधीच बोलावे. नुसत्या लाजेपायी चांगल्या खेळणाऱ्या मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदान सोडतात.

दाखले आणि नोकरी

"हॉकी खेळून पोट भरतं का?" याचे सरळ उत्तर: बहुतेकांचे भरत नाही. ऑलिंपिकच्या संघात सोळा जण असतात आणि देश एवढा मोठा. तरीही रेल्वे, पोलीस, सैन्यदले, बँका यांच्या संघांतून खेळाडूंना नोकऱ्या मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना नियमांप्रमाणे पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पण ठराविक स्तरावरच्या स्पर्धा आणि त्यांची पडताळलेली प्रमाणपत्रेच त्याला चालतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीला आली आणि नोकऱ्या गमवाव्या लागल्या. कोणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नये.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना इथे विनंती आहे. जन्माची नोंद वेळेवर आणि खरी करा. "एखादं वर्ष कमी करा की, पोराला लहान गटात खेळता येईल" असे म्हणणारा पालक तुमच्याकडे येईल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. वय चोरून खेळलेले पोर एका खऱ्या पोराची जागा खाते आणि पकडले गेले की स्वतःचीही घालवते.

आजीचा निवाडा

आता आमच्या घरापुढचा खरा प्रश्न सांगतो. यंदा मुलगी निवासी प्रशिक्षणाच्या निवड चाचणीला बसणार आहे. निवड झाली तर बाराव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात राहावे लागेल. तिथे मैदान, शिक्षक, आहार, शाळा सगळे मिळते. पण घर मिळत नाही. तिच्या आईला झोप लागेना. मी दोन्हीकडून विचार करत होतो. लहान वयात गेली तर खेळ सुधारेल हे खरे, आणि आपल्या हाताखालून निसटेल हेही खरे. एकदा गेलेले पोर सुटीला पाहुण्यासारखे येते.

सगळ्यांना वाटले, विरोध करील तर आजी करील. माझ्या आईने दोन दिवस ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी बोलली. "मी चौदाव्या वर्षी पवन मावळातनं नाणे मावळात आले. नवरा कसला, घर कसलं, काय ठावं नव्हतं. मला कुणी इचारलं होतं का? पोरगी लग्न करून धाडताना कुणाला झोप लागत न्हाई असं झालं न्हाई. आन खेळाय धाडताना एवढा इचार. तिला इचारा. ती जाते म्हणली तर जाऊ द्या, आन परत येते म्हणली तर दार उघडं ठेवा."

मग आम्ही मुलीला विचारले. ती म्हणाली, "जायचंय. पण नाही निवडलं तर तुम्ही तोंड पाडून बसायचं नाही."

तेव्हा घरात चार गोष्टी ठरल्या. निवड झाली तर ती जाईल. पहिल्या वर्षी नको वाटले तर परत येईल आणि त्याला कोणी पळून आली म्हणणार नाही. निवड झाली नाही तर गावचे खाचर आणि पिंपरीचे मैदान आहेच, खेळ चालू राहील. आणि काहीही झाले तरी दहावीपर्यंतचा अभ्यास सुटणार नाही. निकाल हाती येण्याआधी हे ठरवले, हे बरे झाले असे वाटते. निकालानंतर माणूस एकतर फार हरखतो नाहीतर फार खचतो, आणि दोन्ही वेळा धड ठरवता येत नाही. निवड होईल की नाही, आज सांगता येत नाही.

गावाने काय करावे

लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर खेळ होत नाही. त्या काळात शाळेच्या पडवीत, समाजमंदिरात स्टिकने चेंडू खेळवण्याचा सराव, दोरीवरच्या उड्या, पायऱ्या चढणे हे करता येते. जुलैत लावणीची घाई असते, तेव्हा पोरे घरच्या चिखलात राबतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. खाचरात वाकून दिवसभर आवण लावणाऱ्या मुलीची कंबर आणि मांड्या कशा तयार होतात हे हॉकीच्या शिक्षकाला विचारा. फक्त निवड चाचणी आणि लावणी एका दिवशी आली तर शेजाऱ्याशी आधी बोलून सावड करून ठेवावी.

ग्रामपंचायतींनी इतके जरूर करावे. गावठाणात किंवा गायरानात नियमाने मिळू शकणारी सपाट जागा मैदानासाठी राखावी. पूर्ण मैदानाला पन्नास गुंठे लागतात, पण पाच-पाच जणांची हॉकी साधारण अर्ध्या जागेत होते. आज रस्त्याकडेची जमीन गुंठ्या-गुंठ्याने बंगल्यांना जात आहे. पोरांसाठी वीस-पंचवीस गुंठे आज राखले नाहीत, तर दहा वर्षांनी विकतही मिळणार नाहीत. पाणी निचरून जाईल असा चर बाजूने काढावा, वर मुरूम टाकून रोलर फिरवावा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजना आहे. ठराव आणि जागेचा उतारा जोडून प्रस्ताव पाठवावा. शाळेला दहा स्टिका आणि दोन डझन चेंडू घेऊन देणे हे एखाद्या यात्रेच्या वर्गणीतूनही होते. आणि २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय क्रीडा दिनाला नुसता हार घालून मोकळे न होता पोरांचा एक सामना लावावा.

महामार्ग आला, कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला. गावातल्या तरण्या पोरांच्या हातात पैसा आला आणि संध्याकाळ मोकळी झाली. ती संध्याकाळ धाब्यावर जाणार की मैदानावर, हे आपणच ठरवायचे आहे. सगळ्यांची पोरे भारताकडून खेळणार नाहीत. पण वेळेवर उठणे, दुसऱ्याला चेंडू देणे, हरल्यावर समोरच्याच्या हातात हात देणे आणि पुन्हा सोमवारी शाळेत जाणे, एवढे ज्याला आले ते पोर शेती करो, कंपनीत जावो की सैन्यात, ते वाया जात नाही.

ज्या गावांना हॉकी सुरू करायची असेल, त्यांनी आधी शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलावे आणि भात निघण्याच्या आत जागा बघून ठेवावी. नोव्हेंबरात खाचरे मोकळी होतील. तोवर चार स्टिका जमवायला भरपूर वेळ आहे.